कानबाईसाठी घेतलेली गोळी

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका नव्या शिक्षिकेने माझ्या कानाजवळ येऊन विचारले, "मॅडम, ती पाळी पुढे ढकलायची गोळी कोणती हो? घरी पूजा आहे." सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेली, हसरी मुलगी. तास झाल्यावर तिला ग्रंथालयात नेले आणि माझ्या बाबतीत जे घडले ते सांगितले. सांगताना लक्षात आले की हे मी इतकी वर्षे नीट कोणालाच सांगितलेले नाही. म्हणून लिहिते आहे.

माझ्या मुलीला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको." इथे मी तिला चिमी म्हणेन.

देवाची गोळी

आमच्या माहेरच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. वडील केळीच्या बागेत कामाला होते. मी बी.ए., बी.एड. झाले, पाचोऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवू लागले आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून असलेल्या मुलाशी माझे लग्न झाले. सासूबाईंना सगळे घर अक्का म्हणते. अक्का मनाने मोकळ्या, पण सोवळ्याच्या कडक. अडचण असलेल्या बाईचा हात लागला तर अंघोळ केल्याशिवाय दिव्याला हात लावायच्या नाहीत. मी शिकलेली म्हणून मला त्यात सूट नव्हती आणि मीही ती मागितली नव्हती.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशात हा सण किती मोठा ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू, पुरणपोळी, रात्रभर गाणी. त्या दिवशी घरातल्या सुनेने बाहेर बसणे म्हणजे सगळ्या भाऊबंदकीत चर्चा. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात अक्कांनी देवाजवळच्या कुंकवाच्या डब्यातून एक गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली.

"घी ले. बठ्ठ्या बाया घेतस. कानबाईना दिनले अडचण नको."

मी घेतली. गल्लीतल्या सगळ्याच घ्यायच्या. मेडिकलवाला नाव न विचारता द्यायचा.

कानबाई झाली, गोळी थांबवली, पाळी आली नाही. अक्का म्हणाल्या, गोळीने उशीर होतो कधीकधी. मलाही ते पटले. मळमळायचे, तेही गोळीचेच वाटले. मग गौरी आल्या. आता नेमकी गौरींतच यायची, म्हणून पुन्हा गोळी. मग नवरात्राचे घट. घटाचे नऊ दिवस तर घरात काहीच चालणार नाही, म्हणून पुन्हा. पाळी येत नव्हती ती गोळीमुळेच, असे आम्ही दोघी धरून चाललो होतो. मला दिवस गेले होते, आणि ते आम्हाला दसऱ्यानंतर कळले.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले होते, "मधे काही औषध घेतलं का?"

मी म्हटले, "नाही." मी खोटे बोलले नाही. औषध आजारासाठी घेतात. ती गोळी माझ्या लेखी देवाच्या कामातली होती, कुंकवासारखी, कापरासारखी. ती मला आठवलीसुद्धा नाही.

बाळंतपण

चैत्राच्या शेवटी जळगावला बाळंत झाले. बाळ रडले. ते रडणे ऐकून मी हसले आणि विचारले, "काय झालं?"

नर्स बाळाला पुसत होती, तिचा हात थांबला. तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिले. मी पुन्हा विचारले. नर्स म्हणाली, "डॉक्टर सांगतील ताई, पडून राहा."

दाराबाहेरून अक्कांचा आवाज येत होता, "काय शे व? आंडोर शे का आंडेर?" मुलगा की मुलगी. जगातला सगळ्यात सोपा प्रश्न. नर्सने दार अर्धवट उघडून "थांबा आजी" म्हटले आणि पुन्हा लावून घेतले.

डॉक्टरीणबाई माझ्याजवळ स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "बाळाची वाढ एका ठिकाणी वेगळी झाली आहे. मुलगा की मुलगी हे मी नुसतं बघून सांगू शकत नाही. तपासण्या लागतील. आत्ता कोणालाही काही सांगू नका." यापेक्षा जास्त वर्णन मी करणार नाही. ते शरीर आता माझ्या मुलीचे आहे, माझे लिहायचे नाही.

मी बाळाला घेतले. दहा बोटे, दहा बोटे. दाट जावळ. ते प्यायला लागले आणि माझ्या मनात एकच विचार आला, याला मी आता काय म्हणून हाक मारू?

पेढे घेऊन आलेले माझे पती पुडा तसाच पिशवीत ठेवून माझ्या पायाशी उभे राहिले. म्हणाले, "दूध पितंय ना नीट? मग बस."

धुळे

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात मुलांचे एक अनुभवी डॉक्टर होते, त्यांच्याकडे पाठवले. चाळीसगावला गाडी बदलून गेलो. अक्का बाळाला पदराखाली घेऊन बसल्या होत्या, उन्हाळा असूनही. समोरच्या बाईने कौतुकाने विचारले, "काय आहे?" अक्का खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "लेकरू शे."

त्या डॉक्टरांचे मी जन्मभर ऋण मानते, तरी त्यांनी पहिल्या दिवशी जे सांगितले ते ऐकून मी बाळाला घट्ट धरले. ते म्हणाले, एक जन्मजात आजार असतो, त्यात असे होते. तो आजार असेल तर बाळाच्या अंगातले मीठ अचानक कमी होते, उलट्या होतात, बाळ सुस्त पडते आणि वेळेत कळले नाही तर जाते. "तो आजार नसेलही. पण काही आठवडे नजर ठेवावी लागेल."

त्यांनी पुन्हा विचारले, "गरोदरपणात काही गोळ्या, इंजेक्शनं?"

मी म्हटले, "नाही." अक्काही शेजारीच होत्या. त्याही म्हणाल्या, "काहीच नही साहेब. डाळभात खाती व्हती."

मग वॉर्डातले दिवस सुरू झाले. सकाळी बाळाचे वजन. काटा स्थिर होईपर्यंत मी श्वास घेत नसे. लघवी गोळा करायला बाळाला छोटी पिशवी चिकटवायचे, ती निघाली की पुन्हा. दूध पिऊन बाळाने जरा तोंडातून काढले तरी मी सिस्टरकडे धावायचे. प्रत्येक बाळ दूध काढते, हे मला माहीत होते. पण माझ्या बाळाने काढले की ती उलटी वाटायची. झोपले तर सुस्त पडले असे वाटायचे, म्हणून मी त्याचे तळपाय चोळून त्याला उठवायचे, आणि ते रडले की बरे वाटायचे. आपल्याच लेकराला रडवून बरे वाटते, अशी ती अवस्था होती.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. राऊंडला शिकाऊ डॉक्टर मुलेमुली यायची आणि आमच्या कॉटभोवती गोल करून उभी राहायची. कोणीतरी दुपटे बाजूला करायचे. ती मुले वाईट नव्हती, शिकत होती. मीही शिक्षिका, मला ते कळत होते. पण सगळे खाली वाकून बघत आणि बाळाच्या तोंडाकडे कोणी बघत नसे. मला "नको" म्हणता आले नाही. ज्यांच्या हातात आपल्या बाळाचा जीव आहे त्यांना नको कसे म्हणायचे?

वॉर्डातल्या एक सिस्टर होत्या, केरळच्या, मराठी तोडकेमोडके बोलणाऱ्या. त्यांच्या ते लक्षात आले असावे. पुढच्या वेळी ती मुले येताना दिसली तशा त्या पडदा ओढत मला म्हणाल्या, "दूध पाज." मी म्हटले, आत्ताच पाजलंय. त्या म्हणाल्या, "परत पाज." आणि बाहेर जाऊन ठणकावून सांगितले, "फीडिंग चालू. नंतर या." त्या आठवड्यात माझे बाळ फार वेळा दूध प्यायले.

मुलगा की मुलगी ते तपासायला बाळाच्या गालाच्या आतून कापसाने पुसून काचेवर नमुना घेतला आणि मुंबईला पाठवला. तो वाटेत खराब झाला. पुन्हा घेतला. मिठाचा धोका टळल्यासारखा दिसत होता, म्हणून आम्हाला घरी सोडले. पण का झाले, आणि बाळ मुलगा की मुलगी, दोन्ही प्रश्न आम्ही जसेच्या तसे घेऊन परत आलो.

नाव नसलेले बाळ

बारसे नाही. पाळण्यात नाव नाही. गल्लीतल्या बाया नळावर विचारायच्या, "काय व मास्तरीनबाई, घुगऱ्या कव्हय देशी?" अक्का मधेच उत्तर द्यायच्या, "मुहूर्त नही निंघना." एकदा एक जण हसत म्हणाली, "असा कोनता मुहूर्त शे व? पंतप्रधानले बलावनं शे का?" सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या. घरी येऊन त्यांनी हंडा इतक्या जोरात ठेवला की त्याला पोचा पडला.

बाळाला कोणाकडे देत नव्हतो. लंगोट मी एकटीच बदलायचे, दार लावून. माझी आई रावेरकडून आली, तिलासुद्धा बदलू दिले नाही. ती दोन दिवस राहिली आणि "लेकी, माझं काय चुकलं?" म्हणून डोळे पुसत परत गेली. तिला मी सांगू शकले नाही. कारण सांगायचे काय, हे मलाच माहीत नव्हते.

माझे पती बोलेनासे झाले होते. आम्ही भांडत नव्हतो. जेवायला वाढ, पाणी दे, एवढेच. एकदा त्यांनी विचारले, "तुझ्या माहेरी कोणाला असं काही?" मी म्हटले, "तुमच्याकडे?" त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. तो जन्मजात आजार दोन्ही घराण्यांतून येतो, असे डॉक्टर म्हणाले होते, आणि पुढच्या मुलालाही तो होऊ शकतो. एका खोलीत राहून आम्ही एकमेकांच्या रक्ताकडे संशयाने पाहत होतो.

रोटाची मूठ

श्रावण आला. आमच्या घरात रोटासाठी गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ घेतात, लहान पोरापर्यंत. अक्का सुपापुढे बसल्या. सासऱ्यांची मूठ, माझ्या पतींची, धाकट्या दिरांची. मी बाळाला मांडीवर घेऊन समोर बसले होते. अक्कांचा हात गव्हात गेला आणि तिथेच राहिला.

"सूनबाई," त्या खाली पाहत म्हणाल्या, "लेकरूनी मूठ लेऊ का नको?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरेच कळत नव्हते. घेतली आणि मुलगी निघाली तर रोट चुकला. नाही घेतली आणि मुलगा निघाला तर आपणच नातवाला घरातून वगळले. अक्कांनी हात काढून घेतला, गव्हावर पदर झाकला आणि म्हणाल्या, "राहू दे. धुयानं काय येस ते देखू." धुळ्याचे उत्तर येईपर्यंत.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर माझी धाकटी जाऊ लता पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिचे लग्न ज्येष्ठात झालेले. तिच्या तळहातावर छोटी पांढरी गोळी.

"काय ग ती?"

"अक्कानी दिनी. कानबाईनी गोयी," ती लाजून म्हणाली. "कालदिनथून घेस मी." कालपासून.

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. गेल्या वर्षी, याच जागी, याच ओट्यापाशी. डॉक्टरांचा 'काही गोळ्या?' हा प्रश्न मला ऐकू आला, जणू ते आत्ताच विचारत आहेत. मी तिच्या हातातून गोळी काढून घेतली. ती घाबरली. "मंग कानबाईले काय सांगू?" तिने विचारले. मी म्हटले, "माझं नाव सांग."

कानबाई उठल्याबरोबर, म्हणजे विसर्जन होताच, लताकडची गोळ्यांची पट्टी पाकिटात घालून आम्ही दोघे नवराबायको बाळाला घेऊन धुळ्याला गेलो.

डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली, उलटी केली, चष्मा वर सरकवला. "कधी घेतल्या?" मी सांगितले. कानबाई, गौरी, नवरात्र. त्यांनी सणांवरून मनात महिने मोजले असावेत. मग म्हणाले, "हेच ते." त्या गोळीत संप्रेरक असते, मोठ्या बाईच्या शरीरात ती पाळी थांबवते. पण पोटात पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा तेच संप्रेरक मुलीच्या शरीराला मुलासारखे वळण देऊ शकते. "सगळ्याच बाळांना असं होत नाही. तुमच्या बाळाला झालं." मुंबईचा अहवालही आला होता. बाळ मुलगी होती. पहिल्यापासून मुलगीच होती.

मी विचारले, "आता ते परत जाईल?"

"झालेलं जात नाही. पण वाढणारही नाही. गोळी थांबली तेव्हाच ते थांबलं. तो मिठाचा आजार तिला नाही. ऑपरेशन लागेल की नाही, ते पुढे बघू, घाई नको." मग म्हणाले, "आतले अवयव मुलीचेच असणार. ती इतर मुलींसारखी वाढेल, असं मला वाटतं. पण शंभर टक्के मी तेव्हाच सांगेन, जेव्हा तिला आपणहून पाळी येईल."

चार महिन्यांच्या मुलीची आई ते ऐकत होती. बारा-तेरा वर्षे. आणि वाट कशाची पाहायची, तर जी आम्ही सणासुदीला दारातून परत पाठवत होतो तिची.

अक्का

घरी आल्यावर माझ्या पतींनी आईला सांगितले. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "तुझ्या सोवळ्यापायी झालं हे, आई! तुझ्या सोवळ्यापायी!" अक्का भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांना संप्रेरक वगैरे काही कळले नसेल. शेवटचे वाक्य तेवढे कळले. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मीच दिनी व माय ती गोयी." मग उठल्या आणि कुंकवाचा डबा रिकामा करून घासायला घेतला.

मला त्यांचा राग आला का? आला. पण राग धरून कुठे ठेवावा तेही कळेना. त्यांनी प्रेमाने दिली, मी विश्वासाने घेतली, मेडिकलवाल्याने सवयीने विकली. पट्टीवर जे बारीक छापले होते ते इंग्रजीत होते. इंग्रजी वाचता येणारी घरात मी एकटी, आणि मला ते वाचावेसे वाटले नाही, कारण ते औषध नव्हतेच ना. या सगळ्यात एक जरी दुष्ट माणूस असता तरी मला सोपे गेले असते.

भाद्रपदात बारसे केले. अक्कांनी घुगऱ्या गल्लीभर वाटल्या आणि नळावरच्या त्या बाईच्या ओंजळीत दोनदा घातल्या. "ले. पंतप्रधान उनात," म्हणाल्या. आले एकदाचे.

वाट

पुढच्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. ऑपरेशन झाले की नाही, ते चिमीचे खासगी आहे. ती पळाली, पडली, गणितात नापास झाली, बोरांसाठी तिने मार खाल्ला. मी मात्र दरवर्षी तिच्या वाढदिवसाला फुगे लावताना मनात वजाबाकी करायचे. दुसरे मूल आम्ही होऊ दिले नाही. डॉक्टर म्हणाले होते, काही हरकत नाही. आमचा धीर झाला नाही.

चिमी सातवीत गेली. तिच्या मैत्रिणी एकेक करून शाळेत चार दिवस खेळेनाशा होऊ लागल्या. आठवीत गेली. लताची मुलगी चिमीहून लहान, तिलाही आली. मी चिमीच्या कपड्यांच्या घड्या करताना ते निरखून पाहायचे आणि स्वतःची लाज वाटायची. काही करता येत नव्हते. कोणती गोळी घेतली की ती येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होते. पण ती आपणहून यावी म्हणून आईने काय करावे, हे कोणी सांगू शकत नव्हते. अक्का काही विचारायच्या नाहीत. मी कपडे आत आणले की त्या फक्त माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि पुन्हा वाती वळायच्या.

मग एका साध्या दिवशी, कुठलाही सण नसताना, चिमी शाळेतून चिडून आली. दप्तर फेकले. "माझं पोट दुखतंय आणि मला कोणी काही विचारू नका," म्हणाली आणि न्हाणीघरात गेली. थोड्या वेळाने आतून हाक आली, "आई, इकडे ये ना."

मी आत जाऊन बाहेर आले. अक्का देवापुढे दिव्याची तयारी करत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले. मी नुसती मान डोलावली.

चिमी घाबरून दाराच्या आडोशाला बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन. अक्का उठल्या. वय झाले होते, उठताना भिंत धरावी लागायची. सरळ तिच्याजवळ गेल्या, तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि तिचे डोके आपल्या छातीशी घेतले. ज्या बाईने चाळीस वर्षे अशा वेळी लेकीसुनांची सावली टाळली, ती तिच्या केसांवरून, पाठीवरून, हातापायांवरून हात फिरवत होती.

"भिऊ नको व पोरी," त्या म्हणत होत्या. "आठेच शे मी. आठेच शे." इथेच, तिच्याजवळ.

बाहेर अंधारू लागले होते. अक्का पुन्हा भिंत धरून उठल्या. मला वाटले, आता न्हाणीघरात जाऊन अंघोळ करतील. मी पाणी काढायला पुढे झाले.

त्या न्हाणीघरावरून पुढे गेल्या, देवापुढे बसल्या, आणि त्याच हातांनी दिवा लावला.